जुना फोन पुसण्याआधी

नवा फोन ऑनलाइन मागवताना जुना देऊन टाकला, तर किमतीत दोन-चार हजारांची सूट मिळते. पार्सल घेऊन येणारा मुलगा दारातच जुना फोन तपासतो, त्यातलं सगळं पुसायला सांगतो आणि तो पिशवीत टाकून निघतो. त्या वेळी नव्या फोनच्या खोक्यावरचं प्लॅस्टिकसुद्धा निघालेलं नसतं. दुकानातल्या एक्सचेंजमध्येही हेच घडतं, फक्त काउंटरवर. फोन बदलण्याच्या अख्ख्या खटाटोपात याहून धोक्याची वेळ दुसरी नाही, आणि नेमकी तीच आपण सर्वांत घाईत उरकतो.

माझं मत स्पष्ट आहे. जुना आणि नवा असे दोन्ही फोन निदान पंधरा दिवस घरात एकत्र, चालू स्थितीत असले पाहिजेत. त्यासाठी एक्सचेंजची सूट सोडावी लागली तरी सोडावी. ज्यांना ती सोडणं परवडत नाही, त्यांनी पार्सल यायच्या आदल्या दिवशी बसून फोटो, नंबर आणि व्हॉट्सॲपची प्रत फोनच्या बाहेर कुठेतरी ठेवून घ्यावी. नव्या फोनचं निम्मं काम जुन्या फोनवरच करायचं असतं. ते का, हे कळायला फोनमध्ये नेमकं काय असतं आणि त्यातलं काय उचलून नेता येतं, हे पाहावं लागेल.

सिममधला गुप्त आकडा

भारतात मोबाइलवरचा पहिला कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू कोलकात्याहून दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्यानंतरची दहा-बारा वर्षं फोन बदलणं हे मिनिटाभराचं काम होतं. मागचं झाकण उघडायचं, बॅटरी काढायची, सिम नव्या फोनात सरकवायचं. नंबर सिमवरच असत. साधारण अडीचशे नावं त्यावर मावत. एका नावाला एकच नंबर, पत्ता नाही, फोटो नाही.

सिमवर नावासाठी जी जागा असे ती अगदी तोकडी, सहसा वीस बाइटांच्या आतबाहेर. रोमन अक्षराला एक बाइट पुरे, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला सहसा दोन लागत. त्यात आपली जोडाक्षरं. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव डोळ्यांना चार-पाच अक्षरांचं वाटतं, पण यंत्राच्या हिशेबात ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र अशी ती दहा चिन्हं होतात. म्हणजे एकट्या नावालाच वीस बाइट. आडनाव लिहायला जागाच उरत नसे. मराठी घरांतल्या जुन्या फोनांमध्ये सगळी नावं रोमन लिपीत असत, त्यामागे सवयीइतकंच हे कारणही होतं.

पण सिमवर नावांखेरीज आणखी एक गोष्ट असे, आजही असते. ती म्हणजे १२८ बिटांचा एक गुप्त आकडा. त्याची एक प्रत मोबाइल कंपनीकडे, दुसरी सिमच्या आत. फोन चालू झाला की कंपनीचं जाळं सिमला एक कुठलाही आकडा पाठवतं. सिम आपल्या गुप्त आकड्याच्या मदतीने त्यावर गणित करतं आणि फक्त उत्तर परत पाठवतं. कंपनीही आपल्याकडच्या प्रतीवर तेच गणित करून पाहते. उत्तरं जुळली की ओळख पटली. गुप्त आकडा हवेतून कधीच जात नाही, आणि तो फोनला वाचून दाखवण्याची सोय सिममध्ये मुद्दाम ठेवलेलीच नाही.

म्हणजे नखाएवढ्या एका चिपवर दोन अगदी वेगळ्या जातीच्या गोष्टी शेजारीशेजारी राहतात. नावं हवी तितक्या वेळा उतरवून घ्या. तो आकडा मात्र उतरवता येऊ नये, हेच त्याचं मोल. आजच्या स्मार्टफोनमध्येही ही विभागणी तशीच आहे, फक्त तिचा पसारा प्रचंड वाढला आहे. फोटो, व्हिडिओ, नंबर, संदेश, आवाजाच्या फाइली हा उतरवता येणारा भाग. बँकेची ॲप, यूपीआय यांची ओळख हा उतरवता न येणारा भाग. फोनच्या मुख्य चिपमध्ये एक वेगळा सुरक्षित कप्पा असतो. या ॲपच्या गुप्त किल्ल्या तिथेच तयार होतात आणि तिथून बाहेर पडत नाहीत. घर बदलताना भांडीकुंडी, कपाटं, फोटोंचे अल्बम टेम्पोत चढवता येतात, भिंतीत बसवलेली तिजोरी चढवता येत नाही. तिच्यातला ऐवज रीतसर बाहेर काढायचा आणि नव्या घरी नवी तिजोरी बसवून घ्यायची.

‘सगळं आलं, फक्त गूगल पे उघडत नाही’ अशी तक्रार घराघरात ऐकू येते. त्यात नव्या फोनचा दोष नसतो. तिथे सुरक्षा तिचं काम करत असते.

आधी खातं शोधा

उतरवता येणारं आणि उतरवता न येणारं या दोहोंच्या मध्ये एक तिसरी गोष्ट आहे आणि आपल्याकडे सर्वाधिक नुकसान तिच्यामुळे होतं. ती म्हणजे गूगलचं खातं.

असंख्य लोकांचा पहिला स्मार्टफोन दुकानदाराने चालू करून दिला. त्याने तिथल्या तिथे एक जीमेल खातं उघडलं, नावापुढे काही आकडे जोडले, एक सोपा पासवर्ड ठेवला, फार तर खोक्यावर पेनाने लिहून दिला. फोन घेणाऱ्याला ईमेल पाठवायचं नव्हतं, त्यामुळे ते खातं आपल्याला आहे हेच त्याच्या मनात राहिलं नाही. पुढची चार-पाच वर्षं मात्र त्या खात्यात निमूटपणे सगळं साठत गेलं: नातेवाइकांचे नंबर, नातवंडांचे फोटो, व्हॉट्सॲपची रोजची प्रत. मग नवा फोन घेतला. नव्या दुकानदाराने पुन्हा एक नवं खातं उघडून दिलं. घरी आल्यावर फोनमध्ये एकही नाव नाही. ‘माझे सगळे नंबर गेले’ असं आपण म्हणतो, पण ते गेलेले नसतात. जुन्या खात्यात जिथल्या तिथे असतात. फक्त त्या खात्याचं नाव आणि पासवर्ड कुणालाच ठाऊक नसतो.

म्हणून नव्या फोनचं खोकं उघडायच्याही आधी जुन्या फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ‘गूगल’ या नोंदीवर बोट ठेवा. वर जो ईमेल पत्ता दिसेल तो वहीत लिहून घ्या. पासवर्ड आठवत नसेल तर तो आत्ताच बदला. जुन्या फोनमध्ये खातं उघडं असताना फोनचं कुलूप उघडून तुमची ओळख पटवता येते, त्यामुळे हे काम सोपं जातं. फोन पुसल्यावर तेच काम डोकेदुखी होतं. खात्याला जोडलेला मोबाइल नंबर अजून तुमचाच आहे ना, हेही बघा. कित्येकांच्या खात्याला दुकानदाराचा किंवा कधीच बंद झालेल्या सिमचा नंबर जोडलेला असतो आणि पासवर्ड बदलण्याचा ओटीपी भलतीकडेच जातो.

हे काम लांबणीवर टाकण्यासारखं नाही. दोन वर्षं कोणत्याही प्रकारे न वापरलेली वैयक्तिक खाती बंद करण्याचं धोरण गूगलने २०२३ मध्ये जाहीर केलं आणि त्या डिसेंबरपासून ते लागू झालं. विसरलेल्या खात्यातले फोटो कायम तिथेच राहतील, असं धरून चालता येत नाही.

खातं सापडलं की नंबर कुठे साठतात ते पाहावं. नवा नंबर जतन करताना फोन तीन जागा देऊ करतो: सिम, फोन किंवा गूगल खातं. वर्षानुवर्षं तिन्हीकडे थोडेथोडे नंबर पडत गेलेले असतात. कॉन्टॅक्ट्स ॲपमध्ये सिमवरचे आणि फोनमधले नंबर गूगल खात्यात हलवायचा पर्याय असतो, तो वापरा. शिवाय ‘एक्स्पोर्ट’ म्हटलं की सगळ्या नंबरांची एक व्हीसीएफ फाइल तयार होते. ती स्वतःलाच ईमेल करून ठेवावी. हजार नंबरांची फाइल एका फोटोहूनही लहान असू शकते आणि ती जवळपास कुठल्याही फोनमध्ये उघडते.

नक्कल

प्रत्यक्ष नक्कल करणं हा आता या प्रवासातला सर्वांत सोपा टप्पा झाला आहे, म्हणून त्यावर थोडक्यात. दोन्ही फोन पूर्ण चार्ज करा. नवा फोन चालू केला की तो भाषा विचारतो (मराठी निवडायला हरकत नाही, नंतर बदलता येते), वायफाय मागतो आणि मग ‘जुन्या फोनवरून ॲप आणि माहिती आणायची का’ असं विचारतो. या प्रश्नाला ‘नंतर’ म्हणू नका. पुढे ही सोय काही फोनवर पुन्हा मिळते, पण सर्वांत पूर्ण नक्कल या पहिल्या वेळीच होते. केबल असेल तर केबल जोडा. हल्लीच्या बहुतेक फोनांना टाइप-सीची जागा असते, आयफोनलाही २०२३ च्या १५ क्रमांकाच्या मालिकेपासून ती आली. केबल नसेल तर दोन्ही फोन शेजारी ठेवून वायफायवरूनही काम होतं. काही कंपन्यांची स्वतःची ॲप आहेत, सॅमसंगचं स्मार्ट स्विच किंवा शाओमीचं मी मूव्हर. अँड्रॉइडवरून आयफोनकडे जाणाऱ्यांसाठी ॲपलचं मूव्ह टू आयओएस २०१५ पासून आहे. आयफोनवरून आयफोनवर जायचं असेल तर दोन्ही एकमेकांजवळ धरले की पुरतं. आयक्लाउडवर जागा नसेल तर नव्या फोनच्या खरेदीवेळी ॲपल तीन आठवड्यांपुरती हवी तेवढी जागा मोफत देते.

वेळ मात्र राखून ठेवा. चार्जरसोबत येणाऱ्या बहुतेक केबली यूएसबी २.० च्या वेगाच्या असतात. कागदावर तो वेग सेकंदाला ६० एमबी, प्रत्यक्षात तीस-चाळीस हाती लागतो. शंभर जीबीला पाऊण ते एक तास धरावा. व्हॉट्सॲपवरून आलेल्या ‘सुप्रभात’च्या हजारो छोट्या चित्रांमुळे तो आणखी वाढतो, कारण यंत्राला एका मोठ्या फाइलपेक्षा हजार छोट्या फाइली उचलणं जड जातं.

जुना फोन हरवला किंवा फुटला असेल तर केबलचा मार्ग बंद होतो आणि उरते ती फक्त गूगलवरची प्रत. ही प्रत पूर्ण असते असा समज आहे, तो चुकीचा आहे. तिच्यात ॲपची यादी, संदेश, कॉलची नोंद, वायफायचे पासवर्ड, सेटिंग्ज असतात. प्रत्येक ॲपच्या माहितीसाठी २५ एमबीची मर्यादा असते. डाउनलोड फोल्डरमधल्या पीडीएफ त्यात नसतात, रेकॉर्डरमध्ये साठवलेले आवाज नसतात. आणि फोन ५७ दिवस वापरात नसेल तर ती प्रत पुसली जाते. हरवलेल्या फोनची भरपाई दोन महिन्यांनी सावकाश करू, असं म्हणणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

आवाजाच्या फाइलींबद्दल मला विशेष काळजी वाटते. आजीने सांगितलेली ओवी, वडिलांनी शेताच्या बांधांची दिलेली माहिती, गेलेल्या माणसाचा एखादा रेकॉर्ड झालेला कॉल, हे सगळं रेकॉर्डरच्या एखाद्या अनोळखी फोल्डरमध्ये तारखेच्या नावाने पडून असतं. फोटो नसल्याचं लगेच कळतं, आवाज नसल्याचं वर्षांनी कळतं. फाइल्स ॲपमध्ये ‘ऑडिओ’ हा विभाग उघडून तिथे काय आहे ते एकदा ऐकून बघाच आणि हवं ते वेगळं उतरवून घ्या.

फोटोंचेही दोन सापळे सांगायला हवेत. गूगल फोटोज आपणहून फक्त कॅमेऱ्याने काढलेले फोटो वर चढवतं. व्हॉट्सॲपवर आलेले फोटो, स्क्रीनशॉट यांची फोल्डरं वेगळी असतात आणि ती तुम्ही स्वतः चालू केल्याशिवाय वर जात नाहीत. बारशाचे, लग्नाचे अर्धेअधिक फोटो आपल्याकडे दुसऱ्यांनी काढून व्हॉट्सॲपवर पाठवलेले असतात, हे लक्षात घेतलं म्हणजे ही केवढी मोठी फट आहे ते कळेल. दुसरा सापळा पुसण्याचा. नव्या फोनवर सगळे फोटो दिसले, आता जुन्यावरचे काढून टाकू, असं म्हणून गूगल फोटोजमधून ते डिलीट केले की ते खात्यातूनच जातात आणि नव्या फोनवरूनही नाहीसे होतात. वर चढलेले फोटो कचरापेटीत साठ दिवस राहतात, तेवढ्यात लक्षात आलं तर बरं. जुना फोन मोकळा करायचा असेल तर फोटो एकेक पुसत बसू नये; शेवटी अख्खा फोनच रिसेट करावा, त्याने खात्यातल्या फोटोंना धक्का लागत नाही.

व्हॉट्सॲप

व्हॉट्सॲप हे एक वेगळंच संस्थान आहे. गूगलच्या प्रतीत त्याच्या गप्पा येत नाहीत. त्याची प्रत त्यालाच स्वतंत्रपणे काढावी लागते. अँड्रॉइडवर ही प्रत गूगल ड्राइव्हवर जाते आणि ती दोन गोष्टींशी बांधलेली असते: तुमचा मोबाइल नंबर आणि तुमचं गूगल खातं. नव्या फोनवर दुकानदाराचं नवं जीमेल घातलं, तर नंबर बरोबर असूनही प्रत सापडत नाही. खात्याची चौकशी आधी करा असं म्हटलं, त्याचं हेही एक कारण.

नव्या फोनवर व्हॉट्सॲप पहिल्यांदा उघडलं की जुनी प्रत सापडल्याचं ते सांगतं आणि परत आणू का म्हणून विचारतं. घाईत ‘वगळा’ दाबलं की कोरं पान सुरू होतं. त्याहून वाईट म्हणजे रात्री ते कोऱ्या पानाची नवी प्रत काढतं आणि ड्राइव्हवर एकच, सर्वांत ताजी प्रत राहते. वर्षांच्या गप्पांवर एका दिवसाच्या गप्पा बसतात. अशी चूक झालीच तर ताबडतोब स्वयंचलित बॅकअप बंद करावा, व्हॉट्सॲप काढून पुन्हा घालावं आणि या वेळी प्रत परत आणावी.

पण दोन्ही फोन हाताशी असतील तर ड्राइव्हची गरजच नाही. २०२३ च्या जूनपासून व्हॉट्सॲपमध्ये एका फोनमधून दुसऱ्या फोनमध्ये थेट गप्पा पाठवायची सोय आहे. जुन्या फोनवर सेटिंग्ज, चॅट्स आणि मग ‘ट्रान्सफर चॅट्स’; नव्या फोनवर क्यूआर कोड दिसतो, तो जुन्याने टिपायचा. मोठमोठे व्हिडिओसुद्धा वायफायवरून थेट जातात. अँड्रॉइडच्या प्रती २०२४ पासून गूगलच्या मोफत १५ जीबीत मोजल्या जाऊ लागल्या, तेव्हापासून तर हाच मार्ग सोयीचा झाला आहे. त्या पंधरा जीबीत जीमेल आणि फोटोही बसवायचे असतात, आणि फोटो अमर्याद साठवायची सूट १ जून २०२१ पासून बंद आहे.

अँड्रॉइड सोडून आयफोन घेणाऱ्यांसाठी एक अट कडक आहे. व्हॉट्सॲपच्या गप्पा मूव्ह टू आयओएसमधून न्यायच्या तर आयफोन कोरा हवा, पहिल्या मांडणीच्या पायरीवर. आठवडाभर वापरून झाल्यावर गप्पांची आठवण आली, तर तो पूर्ण पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

बॅकअपला स्वतःचा पासवर्ड किंवा ६४ आकडी किल्ली लावायची सोय २०२१ मध्ये आली. ती चांगली आहे, पण पासवर्ड विसरला तर व्हॉट्सॲपही ती प्रत उघडून देऊ शकत नाही. जुन्या फोनवर गप्पा उघड्या असेपर्यंत तो पासवर्ड तपासून, गरज पडल्यास बदलून घ्या.

बँक, यूपीआय आणि पहिले चोवीस तास

आता तिजोरीकडे. यूपीआय २०१६ मध्ये सुरू झालं आणि भाजीवाल्यापासून सराफापर्यंत सगळीकडे पोचलं. त्याची सुरक्षा तीन गोष्टींवर उभी आहे: हा फोन, हे सिम आणि हा पिन. फोन बदलला की यातली पहिली गोष्ट बदलते, म्हणून यूपीआय पुन्हा ओळख मागतं.

ही ओळख पटवण्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. ॲप तुम्हाला ओटीपी पाठवत नाही, उलट तुमच्या फोनमधून एक सांकेतिक एसएमएस बाहेर पाठवतं. तो कोणत्या नंबरवरून निघाला हे पलीकडे दिसतं, आणि तो नंबर बँकेत नोंदवलेल्या नंबराशी जुळला की हा फोन त्या सिमशी बांधला जातो. ओटीपी भामटा फोनवर गोड बोलून काढून घेऊ शकतो. बाहेर जाणारा एसएमएस मात्र ज्याच्या हाती सिम आहे त्यालाच पाठवता येतो. म्हणून बँकेत नोंदवलेलं सिम त्याच फोनमध्ये असावं लागतं, त्यावर एसएमएस पाठवण्याइतका रिचार्ज असावा लागतो आणि दोन सिम असतील तर त्यातलं बरोबर सिम निवडावं लागतं. वायफायवर सगळं चालतंय, मग हे का अडलं, या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा इथे सापडतं. पिन मात्र नव्याने करायची गरज नसते. तो फोनमध्ये नसतोच, तो बँकेकडे तपासला जातो.

नव्या फोनवर यूपीआय चालू झाल्यावर पहिले २४ तास सहसा पाच हजार रुपयांपर्यंतच पैसे पाठवता येतात. आयफोनवर हा काळ ७२ तासांचा असतो. चोराने फोनच्या ओळखीचा घोटाळा केला, तर खरा मालक सावध होईपर्यंत खातं रिकामं होऊ नये, हा यामागचा विचार. पण याचा अर्थ असा की कॉलेजची फी भरायच्या दिवशी, लग्नाच्या खरेदीच्या आदल्या दिवशी किंवा दवाखान्यात कुणी दाखल असताना फोन बदलू नये. दिवाळीला गावी आलेला मुलगा आईवडिलांना फोन लावून देणार असेल तर त्याने तो पहिल्याच दिवशी लावावा. परतीच्या आदल्या संध्याकाळी लावला, तर अडचण उभी राहते तेव्हा तो एसटीत बसलेला असतो.

सिम आणि फोन एकाच दिवशी बदलू नका. नवं सिम चालू झालं की पहिले २४ तास त्यावरून एसएमएस जात नाहीत आणि येतही नाहीत. दुसऱ्याच्या नावाचं सिम काढून बँक लुटण्याचे प्रकार वाढले म्हणून दूरसंचार विभागाने २०२२ मध्ये ही अट घातली. फोन बदलताना ई-सिमकडे जायचं असेल तर तो कार्यक्रम आठवडाभर पुढे ढकला. जुन्या सिमवर बँकेची ॲप नव्या फोनात नीट बसू द्या, मग ई-सिम.

आणि यूपीआय लाइट. पिन न टाकता छोटे पैसे देण्यासाठी त्यात काही रक्कम आधी भरून ठेवलेली असते. ही रक्कम फोनशी बांधलेली असते. फोन बदलण्याआधी जुन्या फोनवर यूपीआय लाइट बंद करा, म्हणजे शिल्लक बँकेच्या खात्यात परत जाते. नव्या फोनवर ती नव्याने सुरू करा. फोन पुसून झाल्यावर हे आठवलं, तर त्या पैशांसाठी ॲपच्या मदतकक्षाकडे आणि बँकेकडे पाठपुरावा करत बसावं लागतं.

दुबईत, सिंगापुरात किंवा अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसांना यात एक जास्तीची अडचण असते. बँकेत भारतातला नंबर नोंदवलेला, आणि ते सिम परदेशी घरात नुसतं जिवंत ठेवलेलं. त्यावरून एसएमएस बाहेर पाठवायचा तर आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू हवं. शक्यतो सुट्टीत भारतात आल्यावरच फोन बदलून घ्यावा. जानेवारी २०२३ मध्ये दहा देशांतल्या नंबरांवर अनिवासी खात्यांसाठी यूपीआय वापरण्याची मुभा देण्यात आली, त्यात ही तिन्ही ठिकाणं येतात. आपली बँक ती सोय देते का, हे विचारून पाहावं.

शेअर बाजाराची ॲप, कार्यालयाचं ईमेल अशा ठिकाणी दर तीस सेकंदांनी बदलणारा सहा आकडी अंक मागितला जातो. हे अंक दाखवणारं ऑथेंटिकेटर ॲप नव्या फोनवर नुसतं उतरवून चालत नाही. त्यामागचा गुप्त आकडा जुन्या फोनमधून न्यावा लागतो. गूगलच्या ऑथेंटिकेटरमध्ये त्यासाठी क्यूआर कोडची सोय आहे आणि २०२३ पासून खात्याशी जोडून ठेवायचीही. नेल्यावर दोन्ही फोन शेजारी ठेवा. एकाच क्षणी दोन्हीवर तोच अंक दिसला, तर काम बरोबर झालं.

पुसणं

पंधरा दिवस उलटले. या काळात आठवत गेलेल्या गोष्टी, वीजबिलाचं ॲप, सोसायटीचं ॲप, एमआधार, एखादं अर्धवट लिहिलेलं टिपण, सगळं नव्या फोनवर आलं. आता जुना फोन कुणाला द्यायचा तर तो पुसायचा, आणि त्यात क्रमाला महत्त्व आहे.

मेमरी कार्ड असेल तर ते आधी बाहेर काढा. रिसेट केल्याने ते आपोआप पुसलं जात नाही आणि फोनसोबत परक्याच्या हाती जातं. एक अपवाद ध्यानात असू द्या. काही फोनांत कार्ड ‘फोनचीच साठवण’ म्हणून फॉरमॅट केलेलं असतं. अशा कार्डावरचं सगळं कुलूपबंद असतं आणि किल्ली त्या फोनच्या आत. फोन पुसला की कार्ड कुठेही वाचता येत नाही. त्यातली माहिती फोन जिवंत असतानाच काढून घ्यावी.

मग गूगल खातं सेटिंग्जमधून काढून टाका. आयफोनवर ‘फाइंड माय’ बंद करून आयक्लाउडमधून बाहेर पडा. चोराला फोन पुसून विकता येऊ नये म्हणून आयफोनमध्ये २०१३ मध्ये आणि अँड्रॉइडमध्ये २०१५ मध्ये एक कुलूप आलं: पुसल्यानंतरही फोन आधीच्या खात्याचा पासवर्ड मागतो. खातं न काढता भाचीला फोन दिला, तर तिच्यापुढे हेच कुलूप उभं राहतं.

त्यानंतर फॅक्टरी रिसेट. अनेकांना शंका असते की चार मिनिटांत शंभर जीबी खरोखर पुसलं जातं का. पुसलं जातं, पण वेगळ्या रीतीने. हल्लीच्या फोनमधली सगळी माहिती साठवतानाच सांकेतिक रूपात साठवली जाते. अँड्रॉइड १० पासून तर प्रत्येक नव्या फोनला ते सक्तीचं आहे. हा संकेत सोडवणारी किल्ली सुरक्षित कप्प्यात असते. रिसेट करताना फोन ती किल्ली नष्ट करतो. माहितीचे बिट काही काळ चिपवर राहिले, तरी किल्लीवाचून त्यांचा अर्थ लावता येत नाही. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या स्वस्त फोनांत ही सोय सर्रास नव्हती. तसा एखादा फोन घरात पडून असेल तर तो विकू नये, हे माझं ठाम सांगणं.

फोन देण्यापूर्वी *#०६# दाबून त्याचा १५ आकडी आयएमईआय क्रमांक लिहून घ्या, आणि नव्या फोनचाही बिलावर नीट नोंदला आहे ना ते बघा. नवा फोन हरवला तर मे २०२३ पासून देशभर सुरू असलेल्या ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावरून तो बंद पाडायला याच क्रमांकाची गरज पडते. शेवटी, ज्याला जुना फोन द्यायचा त्याच्यासमोरच तो एकदा चालू करून वायफायला जोडा. भाषा विचारणारा पडदा आला आणि पुढे कुठलंही जुनं खातं मागितलं गेलं नाही, म्हणजे फोन त्याचा झाला.